टिकलीची गाठ

सोपानरावांच्या हाताला ती गाठ लागली ती कार्तिकाच्या शेवटी, एका थंडीच्या सकाळी. थेरगावात नदीकडच्या आळीला त्यांचं घर होतं. न्याहारी झाली की ते ओट्यावर पाय सोडून बसत, टिकली पायरीवर येऊन आडवी होई आणि शेताकडे निघण्याआधी ते तिच्या गळ्यात शेळीचं घुंगरू बांधत. त्या दिवशी घुंगरू बांधून झाल्यावर त्यांचा हात सवयीनं तिच्या पोटावरून फिरला आणि डाव्या बाजूच्या मागच्या सडाशी थांबला. बोटं तिथंच दोनदा मागंपुढं झाली.

"छबू," ते म्हणाले, "टिकलीला दगडी झालीया."

छबूबाई, त्यांची सून, गोठ्यातून शेणाची पाटी काढत होती. पाटी खाली ठेवून, हात लुगड्याला पुसून ती आली. सासऱ्यांनी तिचं बोट धरून जागा दाखवली. कातडीखाली सुपारीएवढं काहीतरी टणक होतं. टिकली शेपटीचं टोक हलवत पडून राहिली.

दगडी हे नाव त्या घरात रोजच्या बोलण्यातलं. म्हशीच्या कासेत दूध साकळतं, सड तापतो, दगडासारखा होतो, आणि वेळेवर उपाय नाही झाला तर तो सड कायमचा बाद होतो. सोपानरावांचा त्यात हातखंडा. ताथवडे, वाकड, पुनावळ्यापर्यंतची माणसं कास बिघडलेली म्हैस घेऊन त्यांच्या दारात येत. ते कासेला हात लावून सांगत, ही आजची आहे, ही चार दिवसांची आहे, ही आता नीट व्हायची नाही. डोळे होते तेव्हाही ते कासेकडे बघत नसत. मान वळवून भलतीकडे बघायचे आणि बोटांनी काम करायचे. आता काचबिंदूनं दोन्ही डोळ्यांत नुसता उजेड उरला होता. गेलं ते परत येणार नाही असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. पण कासेवरच्या हातात काही फरक पडला नव्हता.

म्हणून छबूबाईनं तेव्हा मान डोलावली आणि औषध विचारलं. कोरफडीचा गर, हळद आणि चिमूटभर चुना एकत्र वाटायचं, दिवसातून दोनदा लावायचं आणि त्याआधी मिठाच्या पुरचुंडीनं शेकायचं. म्हशीला हेच, तेव्हा कुत्रीलाही हेच, नुसतं कमी.

टिकली ही त्या घरची नुसती राखणीची कुत्री नव्हती. तांबूस अंगाची, कपाळावर पांढरा ठिपका, सहा-सात वर्षांची. सोपानरावांचे डोळे जाऊ लागले तेव्हा तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. ते शेताकडे निघाले की ती पुढं चालायची. मग छबूबाईला घुंगरू बांधायची कल्पना सुचली. आळीतून खाली, बाभळीच्या वळणानं, पाटावरच्या फळीवरून नदीकाठच्या घासाच्या वाफ्यापर्यंत अर्ध्या मैलाची वाट. घुंगरू वाजेल तिकडे सोपानरावांनी जायचं. फळीशी आलं की टिकली थांबे, घुंगराचा आवाज बंद होई, ते काठीनं फळी चाचपत, आणि मग आवाज पुन्हा सुरू होई. वाफ्यात बसून ते डाव्या मुठीत घास धरायचे, उजव्या हातातल्या विळ्यानं कापायचे आणि चार म्हशींची वैरण एकटे काढायचे. एकाही बोटाला कधी विळा लागला नाही.

गेल्या ज्येष्ठात टिकली व्याली होती. पेंढ्यांच्या गंजीखाली पिल्लं घेऊन ती दहा-बारा दिवस बाहेर पडली नाही. तेवढे दिवस सोपानराव ओट्यावर बसून होते. पहिले दोन दिवस त्यांनी दोर वळले. तिसऱ्या दिवसापासून नुसते बसले. किती वाजले, असं सारखं विचारायचे. पिंपरीच्या कंपनीचा भोंगा झाला की म्हणायचे, एवढेच वाजले? जेवण अर्ध्यावर आलं. बाराव्या दिवशी टिकली पायरीवर आली, तेव्हा त्यांनी घुंगरू बांधताना तिला शिव्या दिल्या आणि संध्याकाळी चार भाकरी खाल्ल्या. छबूबाईनं त्या मोजल्या नव्हत्या, पण तिच्या लक्षात राहिल्या होत्या.

लेप सुरू झाला. पहाटे उठून धारा काढायच्या, नवऱ्याच्या सायकलला दुधाच्या बरण्या अडकवून द्यायच्या, गोठा लोटायचा आणि मग पाट्यावर कोरफड वाटायची. लक्ष्मण, तिचा नवरा, दूध कामगारांच्या वसाहतीत घालून तिथूनच कंपनीत जाई. टिकली लेप चाटून टाकी. मग छबूबाईनं जुन्या लुगड्याची पट्टी तिच्या पोटाला बांधली. हळदीनं कुत्रीचं सगळं पोट पिवळं झालं. आळीतले लोक विचारू लागले, लग्न कवाचं धरलंय म्हणून.

शेकताना छबूबाईचा हात त्या गाठीवर रोज असायचा. पाच-सहा दिवसांत तिला काही गोष्टी खटकायला लागल्या. लेक पद्मा झाली तेव्हा तिला स्वतःला दूध साकळलं होतं. छाती निखाऱ्यासारखी तापलेली, पदराचा स्पर्श सोसत नव्हता, अंगात ताप. टिकलीची गाठ गार होती. दाबली तरी टिकली ओरडत नव्हती. सडातून दुधाचा थेंब नाही, पूही नाही. पिल्लं तर श्रावणातच लोकांनी नेली होती. मग साकळायला दूध आलं कुठून?

हे ती कुणाला बोलली नाही. ज्या माणसाच्या दारात चार गावच्या म्हशी येतात त्याला त्याच्या सुनेनं दगडी शिकवायची, असं त्या घरात नव्हतं. शिवाय तिला तरी काय ठाऊक होतं? गाठ वाढते आहे की बसते आहे एवढंही तिला धड सांगता येत नव्हतं, कारण जे रोज हाताखाली असतं ते वाढताना कळत नाही.

कार्तिकातल्या अमावस्येला औत बंद होतं. अमावस्येला बैल जुंपायचे नाहीत, म्हणून घरात थोडी सवड. छबूबाईनं पेटीतून पद्माची बारशातली चांदीची बिंदली काढली. पद्मा आता पाच वर्षांची होती. ती बिंदली आता तिच्या मुठीवरून जात नव्हती. छबूबाईनं गाठ दोन बोटांत हलकेच उचलून धरली आणि बिंदली तिच्यावरून घातली. ती गाठीभोवती सैल फिरली. बिंदली राखेनं घासून तिनं परत पेटीत ठेवली.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला बिंदली गाठीवर घट्ट बसली. काढताना टिकलीनं मान वर करून बघितलं.

त्यानंतर छबूबाईनं लेप वाटणं थांबवलं नाही, पण चुना घालायचं बंद केलं. कातडी सोलवटायला लागली होती.

पौषात मारुतराव मधे पडले. ते भावकीतले, सोपानरावांच्याच वयाचे, दात पडलेले, पण जीभ शाबूत. रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचे. दोन महिने लेप चालला आणि गाठ बसली नाही म्हटल्यावर त्यांनी आपला उपाय सांगितला. विळा लाल होईपर्यंत तापवायचा आणि गाठीवर फुली मारायची. त्यांच्या थोरल्या बैलाच्या खांद्याची गाठ अशीच गेली होती. फक्त अमावस्या होऊन जाऊ द्यावी, दुसऱ्या दिवशी पाडव्याला डाग द्यावा. चौघांनी धरली की कुत्री कुठं जाते. सोपानराव म्हणाले, बघू. आणि पौषातल्या अमावस्येच्या सकाळी त्यांनी लक्ष्मणाला सांगितलं, उद्या तुझी दुसरी शिफ्ट आहे तर सकाळी घरी थांब, टिकलीला धरायला माणूस लागेल.

दिवसभर छबूबाईनं काही काम धड केलं नाही. भाकरी करपली. म्हशीनं लाथेनं चरवी कलंडवली. तिन्हीसांजा व्हायच्या सुमारास मारुतराव अजून आले नव्हते, लक्ष्मण बैलांना पाणी दाखवायला गेला होता. सोपानराव ओट्यावर, टिकली त्यांच्या पायाशी. छबूबाईनं पदर सावरून घेतला आणि बिंदली त्यांच्या तळहातावर ठेवली.

"हे काय?"

"पद्माची बिंदली हाय, मामंजी."

"मग मला कशापायी?"

"कार्तिकातल्या आवसेला गाठ हिच्यात सैल बसायची. मी घालून बघितली हुती. संक्रांतीच्या आधल्या आवसेला घट्ट झाली. आज तुमीच बघा."

त्यांनी टिकलीला कुशीवर घेतलं. बिंदली गाठीच्या टोकावर टेकवली, जरा फिरवली, दुसऱ्या बाजूनं टेकवली. ती गाठीच्या डोक्यावरच बसून राहिली. त्यांनी ती काढून बोटांनी तिचा घेर चाचपला, जणू तीच लहान झाली असावी. मग परत टेकवली. आळीतून कुणीतरी हंडा घेऊन गेलं. टिकलीनं त्यांचा हात चाटला.

"गाठ ऊन लागत न्हाई," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "दूध बी न्हाई."

"न्हाई."

"तुला कवापासनं ठावं?"

"काय हाय त्ये मला ठावं न्हाई, मामंजी. मला नुसतं माप ठावं."

मग सोपानरावांनी वाघीचं नाव काढलं. वाघी म्हणजे छबूबाई लग्न होऊन येण्याआधीची कुत्री. तिला अशीच गाठ झाली होती. तेव्हाही त्यांनी दगडीच म्हटलं होतं, तेव्हाही लेपच लावला होता. गाठ नारळाएवढी झाली, फुटली, आणि वाघी गोठ्यामागं जाऊन मेली. दगडी हाताबाहेर गेली, असं ते सगळ्यांना सांगत आले होते. बिंदली परत देताना ते म्हणाले, "त्या वक्ताला डोळं हुतं मला."

आणि मग, "लक्ष्मणाला सांग, उद्या सकाळी गाडी जुंप. जनावरांच्या दवाखान्यात जायाचं. मारुताला म्हणावं, इळा घासाला लागतो."

लक्ष्मणानं कुरकुर केली. कुत्रीला बैलगाडीतून दवाखान्यात नेताना कंपनीतल्या कुणी बघितलं तर वर्षभर पुरेल, असं त्याचं म्हणणं. पण सकाळी त्यानंच गाडीत पेंढा पसरला आणि टिकलीला उचलून ठेवलं. छबूबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. सोपानराव पुढं, लेकाच्या शेजारी.

दवाखाना चिंचवडात, पुलापलीकडे. अंगणात दहा-बारा जनावरं होती. भिमाजी नावाचा कंपाउंडर वही घेऊन आला, त्यानं त्यांच्या बैलांच्या खुरांकडे बघितलं, तोंडाकडे बघितलं आणि कुठल्या बैलाला काय होतंय म्हणून विचारलं. लक्ष्मण चाबकाच्या दांड्याशी चाळा करत राहिला. शेवटी छबूबाईनंच सांगितलं की बैल ठणठणीत आहेत, आजारी कुत्री आहे. अंगणात हशा पिकला. एकजण म्हणाला, पुढच्या खेपेला मांजर आणा, बरोबर कोंबडीही. सोपानराव तोंड उन्हाकडे करून बसले होते. हसण्यातून एक आवाज आला, हे थेरगावचे सोपानराव ना, कासेवाले? आणि हसणं एकदम थांबलं. ते थांबणं त्यांना जास्त लागलं हे छबूबाईला त्यांच्या मानेवरून कळलं.

डॉक्टर सामंत तरुण होते, कोकणातले, हाफ बाहीचा शर्ट आणि पायात रबरी बूट. ते हसले नाहीत. टिकलीला टेबलावर न घेता ते स्वतःच जमिनीवर उकिडवे बसले. गाठ कधी दिसली, तेव्हा केवढी होती, आता केवढी, कुत्री कधी व्याली, खाते का, खोकते का. छबूबाईनं तीन अमावस्यांची तीन मापं सांगितली आणि बिंदली काढून दाखवली. डॉक्टरांनी ती हातात घेऊन बघितली आणि वहीत काहीतरी लिहिलं. म्हणाले, लोक येतात आणि सांगतात, लई दिवस झाले, लई मोठी झाली. असं माप त्यांना आजवर कुणी आणून दिलं नव्हतं.

लेपाचं विचारल्यावर सोपानरावांनी सगळं स्वतः सांगितलं. काही लपवलं नाही.

"म्हशीच्या दगडीला हे लावलंत तर मी अडवणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण ही दगडी नाही, आजोबा. ही अंगातल्या मांसाचीच वाढ आहे. वय झालेल्या कुत्रीला कासेत होते. यातल्या निम्म्या साध्या असतात, निम्म्या वाईट. नुसता हात लावून कुठली ती मला सांगता येत नाही. कुणालाच येत नाही."

वाईट म्हणजे काय, असं छबूबाईनं विचारलं. वाईट असली तर ती रक्तावाटे छातीत उतरते, मग धाप लागते, आणि मग काही करता येत नाही, असं ते म्हणाले. त्यांनी टिकलीच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं; छाती स्वच्छ होती. डाग दिला असता तर वरची कातडी जळली असती आणि आतली गाठ तशीच वाढली असती. दाबायची नाही, शेकायची नाही, फुटायची वाट बघायची नाही. कापून काढायची आणि कापलेलं तपासायला पाठवायचं. गाठ लहान असताना आणली असती तर बरं झालं असतं, पण अजूनही उशीर झालेला नाही.

मग त्यांनी टिकलीचे दहाही सड एकेक करून बघितले. मोठ्या गाठीच्या पुढं हरभऱ्याएवढी दुसरी सापडली. तिसरी नाही, असं म्हणून ते उठू लागले.

"मी हात लावू का?" सोपानरावांनी विचारलं.

लक्ष्मणानं त्यांना धरून खाली बसवलं. त्यांनी मान वळवली, भिंतीकडे तोंड केलं आणि मागच्या सडापासून सुरुवात केली. डावी ओळ झाली. उजव्या ओळीत पुढून दुसऱ्या सडापाशी, काखेजवळ, त्यांची बोटं थांबली.

"हितं एक हाय. मुगाएवढी."

डॉक्टरांनी बोट लावलं. त्यांना लागली नाही. पुन्हा लावलं. भिमाजी दारात उभा राहून बघत होता. सोपानरावांनी डॉक्टरांचं बोट आपल्या दोन बोटांत धरलं.

"दाबू नगा. कातडं सरकवा. वाफ्यात मेथीचं बी हुडकत्यात तसं."

थोड्या वेळानं डॉक्टर म्हणाले, "आहे." त्यांनी भिमाजीकडून जांभळ्या औषधाची बाटली मागवली आणि तिन्ही जागांवर खुणा केल्या. तिसरी खूण करताना त्यांनी परत एकदा बोट लावून बघितलं.

मंगळवारी उपाशीपोटी आणायला सांगितलं होतं. टिकलीला इंजेक्शन देऊन झोपवलं. जीभ बाहेर लोंबली तेव्हा छबूबाईला बघवेना, पण पाय धरायला माणूस हवं होतं म्हणून ती थांबली. मोठी गाठ निघाली ती लिंबाएवढी, आतून पांढरट होती. मुगाएवढ्या गाठीसाठी डॉक्टरांनी भोवतालची बरीच कातडी काढली. एवढ्याशा दाण्याला एवढं कशाला, असं लक्ष्मण नंतर म्हणालाही. तिन्ही गाठी तीन बाटल्यांत, औषधात बुडवून, वर चिठ्ठ्या लावून मुंबईला जाणार होत्या. उत्तर यायला महिना-दीड महिना लागेल. टाके बाराव्या दिवशी. तोवर तिनं पळायचं नाही, जखम चाटायची नाही, आणि शेताची वाट तर नाहीच.

चाटू नये म्हणून छबूबाईनं जुन्या दुरडीचा तळ कापला आणि ती टिकलीच्या गळ्यात अडकवली. कुत्री घरभर भिंतींवर आपटत हिंडू लागली. पद्मा हसून हसून लोळली. सोपानराव मात्र पुन्हा ओट्यावर. पहिल्या दिवशी त्यांनी दोराचा पीळ घातला. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तेव्हा त्यांनी वेळ विचारली.

तिसऱ्या दिवशी सकाळी छबूबाईनं खुंटीवरचं घुंगरू काढलं आणि कमरेला खोचलेल्या पदराच्या टोकाला बांधलं. डोक्यावर रिकामी पाटी घेतली आणि पायरीखाली उभी राहून कंबर हलवली. घुंगरू वाजलं.

"कुणी सोडली तिला?" सोपानरावांनी विचारलं.

"मीच हाय, मामंजी. चला."

ते उठले नाहीत. सासऱ्याच्या पुढं सून चालते असं त्या आळीत कुणी बघितलं नव्हतं. छबूबाईसुद्धा आठ वर्षांत कधी त्यांच्या पुढं चालली नव्हती. बाजाराला, लग्नाला, नेहमी चार पावलं मागं, पदर डोक्यावर. ती उभीच राहिली. घास पडून राहिलाय, म्हशी हंबरताहेत, एवढंच ती म्हणाली आणि चालू लागली. आळीच्या वळणापर्यंत ती एकटीच वाजत गेली. मग मागं काठीचा आवाज आला.

मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर मारुतराव बसलेले होते. विळ्याचा उपाय डावलला गेला त्याचा राग अजून उतरला नव्हता.

"सोपाना," ते म्हणाले, "टिकली लुगडं कवापासनं नेसाया लागली?"

छबूबाईचे कान तापले. पाय मात्र थांबले नाहीत. मागून सासऱ्यांचा आवाज आला, घाई नसलेला.

"मारुता, जरा लांब बस. टिकली नुसती भुकती, ही चावती."

कट्ट्यावरची दोन-तीन माणसं हसली आणि मारुतरावही हसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. बाभळीच्या वळणावर छबूबाईलाही हसू आलं, पण पाठमोरी होती म्हणून बरं. पाटाशी आल्यावर ती थांबली. घुंगरू थांबलं. सोपानरावांनी फळी चाचपली. दहा दिवस हे असंच चाललं. आळीला दोन दिवस मजा वाटली. मग सवय झाली.

टाके निघाले. जखमा कोरड्या होत्या. दुरडी चुलीत गेली आणि घुंगरू पुन्हा टिकलीच्या गळ्यात आलं. पहिल्या दिवशी ती फळीपर्यंत जाऊन दमली आणि तिथंच बसली, तर सोपानरावही तिच्याशेजारी काठावर बसले. त्या दिवशी म्हशींना घास उशिरा मिळाला.

फाल्गुनात डॉक्टर सामंत सायकलवरून गावात आले. जनावरांना लस टोचायची होती. काम आटपल्यावर ते ओट्यावर टेकले, छबूबाईनं चहा दिला, आणि त्यांनी खिशातून कागद काढला. लक्ष्मण दारात उभा राहिला. मुंबईहून उत्तर आलं होतं. मोठी गाठ साधी. हरभऱ्याएवढी तीही साधी.

"मुगाएवढी होती ती वाईट जातीची," ते म्हणाले. "पण ती सगळी निघाली आहे. कडा स्वच्छ आहेत, असं त्यांनी लिहिलंय."

"कुठली?" सोपानरावांनी विचारलं.

"तुम्ही दाखवलीत ती."

लक्ष्मणानं बापाकडे बघितलं. डॉक्टर सांगत होते की ती आणखी सहा महिने राहिली असती तर दिसली असती, आणि दिसली असती तेव्हा उपयोग नव्हता. सोपानरावांचा हात टिकलीच्या पाठीवर होता. तो हलला नाही.

"वाघीचं काय असंल, डाक्टर?"

"वाघी कोण?"

छबूबाईनं सांगितलं. डॉक्टरांनी कपातला चहा संपवला. म्हणाले, ते आता नाही सांगता येणार, आजोबा. कापून बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

सोपानरावांनी मान हलवली. त्यांना हे उत्तर पटल्यासारखं दिसलं. निघताना डॉक्टरांनी सांगितलं की अशी गाठ एकदा झाली की दुसरी होऊ शकते, तेव्हा महिन्यातून एकदा दहाही सड बघत जा. काही लागलं तर लगेच आणा, मुगाएवढं असलं तरी. सोपानराव म्हणाले, आवसेला बघत जाईन. औत बंद असतं.

चैत्रातल्या अमावस्येला ते ओट्यावर बसून टिकलीची दुसरी ओळ तपासत होते, तेव्हा मारुतराव आले. त्यांच्या मागं दोरीनं ओढत आणलेला त्यांचा काळा कुत्रा. मारुतराव आधी उन्हाळ्याचं बोलले, मग विहिरीच्या पाण्याचं. शेवटी म्हणाले, काळ्याच्या बरगडीला काहीतरी आलंय, सहज बघ.

सोपानरावांनी मान वळवून बोटं लावली.

"मऊ हाय," ते म्हणाले. "कातड्याखाली सरकती. चरबीची असंल."

"म्हंजी काय न्हाई?"

"आसं मी म्हणतो. माझ्या म्हणण्यावर जाऊ नगंस. वाघीच्या वक्ताला बी मी म्हणलो हुतो." त्यांनी घराकडे तोंड केलं. "छबू, बिंदली आण."

मारुतरावांना बिंदलीचं काही कळेना. छबूबाईनं ती आणून दिली. सोपानरावांनी काळ्याच्या गाठीवर टेकवली, तर गाठ पुरती आत मावली. आज सैल आहे, हे ध्यानात ठेव, त्यांनी बजावलं, आणि उद्या गाडी जुंपून डॉक्टरला दाखव. अंगणात हसले तर हसू दे. थोडा वेळच हसतात. मारुतराव दोरी गुंडाळत उठले. विळ्याचं कुणीच काही बोललं नाही.

उन्हं उतरल्यावर टिकली पायरीवरून उठली आणि अंग झाडलं. अमावस्या असली तरी म्हशींना घास लागतोच. सोपानरावांनी काठी घेतली. छबूबाईला आज कोथिंबीर खुडायची होती, म्हणून तीही पाटी घेऊन निघाली, चार पावलं मागं, पदर डोक्यावर. टिकलीच्या काखेजवळची कातडी ओढली गेलेली होती. तिथं केस आले नव्हते आणि चालताना तिचा पुढचा पाय किंचित बाहेर पडे, त्यामुळे घुंगराचा ठेका आता वेगळा झाला होता. फळीपाशी तो थांबला. सोपानरावांनी फळी चाचपली, पलीकडे गेले आणि न वळता म्हणाले,

"तू पुढं हुतीस तवा लई बिगीबिगी चालायचीस, छबू. माझा दम निघायचा."

"मग बोलला न्हाईत त्ये."

"बोलून काय. तू परत मागं चालली असतीस. टिकलीला बरं व्हायाला बारा दिस लागणार हुते," ते म्हणाले, आणि घुंगरू वाजायची वाट बघत उभे राहिले.